स्वस्तातला बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच घरच्या कामाला घ्यावा का?

रानजाई
नमस्कार. कोलशेतला राहते. घरात एक वॅगन-आर आणि एक अ‍ॅक्टिव्हा. दोन्हींची नेहमीची कामं खाली पार्किंगमध्ये मी स्वतःच करते. ऑइल, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड, चाकांची अदलाबदल, एवढं हातात बसलंय. आता बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच (ठोके मारत नट सोडवणारं यंत्र) घ्यावा असं मनात आहे. बॅटरी-चार्जरसकट चार-पाच हजारांच्या वर जायचं नाही.

खरी अडचण चाकांच्या नटांची. टायरवाल्याकडून गाडी आली की ते असे आवळलेले असतात की डिकीतल्या एल-पान्याने हलत नाहीत. पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या अलीकडे पंक्चर झालं, तेव्हा मी पान्यावर चक्क उभी राहिले तरी नट ढिम्म. एका टेम्पोवाल्या दादांनी पाईप दिला तेव्हा कुठे सुटले. आपल्या गाडीचं चाक आपल्याला रस्त्यात काढता आलंच पाहिजे, या मताची मी आहे.

नट फिरवायचा जोर जाहिरातीत कुणी ३५० न्यूटन-मीटर म्हणतं, कुणी ६००, कुणी थेट हजार. किंमत साधारण सारखीच. यातलं खरं किती? अ‍ॅक्टिव्हाच्या व्हेरिएटरचा (गिअरऐवजी असते त्या पुलीचा) नट याने सुटेल का? ज्यांनी असा रेंच वापरलाय त्यांनी कृपया लिहा. 'ब्रँडेडच घ्या' म्हणणार असाल तर कारणासकट सांगा.

तर्री_जास्त
रुमाल टाकून ठेवतोय. फोरमनकाका येईपर्यंत कुणी ऑर्डर देऊ नका रे.

ऐरोलीकर
घ्या, बिनधास्त घ्या. माझ्याकडे असाच एक आहे, कुठल्या कंपनीचा ते डब्यावर वाचूनही कळत नाही. माझी स्विफ्ट, मेहुण्याची i... नाही, ह्युंदाईची आय-ट्वेन्टी आणि सोसायटीतल्या निम्म्या गाड्या त्याने उघडून झाल्यात.

ट्रिगर दाबला की आधी नुसती घरघर येते, मग ठकठकठकठक सुरू होतं, आणि नट सुटला की आवाज एकदम मोकळा होतो. दोन सेकंदांचं काम. मजा म्हणजे हाताला पीळ बसत नाही. आत हातोडी फिरते आणि पुढच्या चौकोनी दांड्यावर ठोके मारते, त्यामुळे ड्रिल मशीनसारखं मनगट मुरगळत नाही.

घेताना एक बघा. पुढचा दांडा अर्धा इंची चौकोनी, अखंड असावा. स्वस्त सेटमध्ये स्क्रूड्रायव्हरचं षटकोनी तोंड असतं आणि वर चौकोनी अ‍ॅडॉप्टर देतात. तो अ‍ॅडॉप्टर चाकाच्या नटावर टिकत नाही.

पामबीच
मला यातलं काहीच पटत नाही. नेरूळला आमच्या कोपऱ्यावर पंक्चरवाला आहे, चारही चाकं फिरवून देतो, पाच मिनिटांत काम. त्यासाठी घरात पाच हजारांचं यंत्र, ते ठेवायला जागा, त्याची बॅटरी जपायची. वर्षातून किती वेळा लागणार? मी उपहासाने विचारत नाही, खरंच हिशेब कळत नाही.

रानजाई
@पामबीच, हिशेब पैशांचा नाही. पंक्चरवाल्याने आवळलेला नट मला सुटत नाही, हाच तर प्रश्न आहे. दर वेळी त्याच्याकडे गेलं की गाडी तशीच आवळून परत.

फोरमन_वागळे
वागळे इस्टेटला पुष्कळ वर्षं असेंब्ली बघितली आहे, त्यातून जे हाताला कळलं ते लिहितो. रानजाई, तुमच्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे.

डिकीतला एल-पाना साधारण एक फूट लांब. माणूस ५५ किलोचा धरला आणि तो टोकावर उभा राहिला, तर ५५ गुणिले ९.८ गुणिले ०.३, म्हणजे सुमारे १६० न्यूटन-मीटर जोर झाला. तेवढ्यानेही नट हलला नाही. मारुतीच्या छोट्या गाड्यांना मॉडेलनुसार ८५ ते १०० च्या घरात आवळणी लागते. तुमच्या पुस्तिकेच्या शेवटी तपशिलाच्या पानावर आकडा असेल, तोच धरा. थोडा गंज धरला तरी आवळलेला नट सुटताना थोडा जास्त जोर मागतो. पण इतका नाही. म्हणजे ज्याने आवळला त्याने गनचा (टायरवाल्याकडच्या इम्पॅक्ट मशीनचा) ट्रिगर दाबून धरला होता.

आता यात बिघडतं काय ते ऐका. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ही एक ताणलेली स्प्रिंगच. नट आवळतो तेव्हा स्टड केसभर लांबतो आणि त्या ताणावर चाक हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) दाबून बसतं. तुम्ही लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणात जातो, दहा टक्केच स्टड ताणतो. दुप्पट जोर लावला की स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ओढला जातो आणि पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. नंतर कधीतरी तो हातात तुटून येतो. दुसरं म्हणजे ब्रेकची डिस्क चाक आणि हब यांच्या मध्ये पकडलेली असते. चार नट चार वेगवेगळ्या जोराने आवळले की डिस्क किंचित वाकडी बसते. ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं ना, त्याचं एक कारण हे.

म्हणून माझा क्रम असा राहील. पहिली खरेदी टॉर्क रेंचची, म्हणजे ठरवलेला जोर झाला की क्लिक करणारा पाना, अर्धा इंची, ४० ते २०० च्या आसपासचा. दुसरी चोवीस इंची लांब दांडीची, ज्याला ब्रेकर बार म्हणतात. ५५ किलोचं वजन ६० सेंटिमीटरच्या टोकावर टाकलं की ३२० च्या वर न्यूटन-मीटर होतात. तुमच्या स्वस्त मशीनचं बॅटरी अर्धी झाल्यावर काय होईल सांगता येत नाही. दांडीचं मात्र मे महिन्यातही तेच आणि पावसातही तेच. आणि ती डिकीत राहते. इम्पॅक्ट रेंच घरी कपाटात राहणार. मग गायमुखला तुमच्या उपयोगी काय पडणार?

तर्री_जास्त
काका आले. आता वही काढा.

ऐरोलीकर
काका, दांडीचं मान्य. पण एका गाडीचे सोळा नट सोडवणं आणि भर उन्हात चार गाड्यांचे सोडवणं यात फरक आहे. माझ्या वडिलांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना दांडीवर जोर देता येत नाही. मशीन मात्र ते आनंदाने चालवतात.

आणि मशीन डिकीत का नाही ठेवायचं?

विद्युतप्रभा
बॅटरीमुळे. घणसोलीला काम करते, बॅटरी पॅक हाच रोजचा विषय, म्हणून थोडं सविस्तर.

जाहिरातीतले आकडे आधी बाजूला ठेवा. या मशीनच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा १८६५० प्रकारचे लिथियम सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. पाच सेल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक सेल नेहमीच्या स्थितीत ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचांचे १८. पूर्ण चार्ज झाला की ४.२, म्हणजे २१. १८ व्होल्टची आणि २१ व्होल्टची मशीनं म्हणून जी दोन विकतात ती एकच. डब्यावर ४८, ९८, १२८ असं काही छापलेलं असतं आणि व्होल्टच्या पुढे आणखी एक अक्षर चिकटवलेलं असतं. ते व्होल्ट नव्हेतच. चार्जरवर बघा, तिथे २१ लिहिलेलं दिसेल.

खरा फरक सेलच्या दर्जात. ठोके मारताना मोटर सहज वीस-पंचवीस अँपिअर ओढते. पाचच सेलचा पॅक असेल तर तो सगळा भार प्रत्येक सेलवर येतो, तो गरम होतो, व्होल्टेज बसतं आणि ठोके मऊ पडतात. दहा सेलचा पॅक असेल तर भार अर्धा होतो. दुकानात दोन पॅक हातात घेऊन वजन करा. आकडा तोच छापलेला आणि एक पॅक फुलासारखा हलका असेल तर तो नको.

न्यूटन-मीटरचंही तसंच. बॉशच्या जीडीएस १८व्ही-४०० मॉडेलची आवळणी ४०० न्यूटन-मीटर आहे, तीही १८ व्होल्टवर. त्याच्या मानाने पाव किमतीच्या, छोट्या अंगाच्या मशीनवर हजार छापलेलं असेल तर काय समजायचं ते समजा. शिवाय काही कंपन्या आवळायचा आकडा देतात, काही जाम नट सोडवायचा, आणि दुसरा नेहमी मोठा असतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत का ते बघा.

आता डिकी. एप्रिल-मे मध्ये बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते. लिथियम पॅक तिथे ठेवू नका. घरात, निम्म्या चार्जवर, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. चार्जिंगला लावून झोपू नका आणि काम करून गरम झालेला पॅक लगेच चार्जरला लावू नका. या स्वस्त चार्जरमध्ये वेळेवर थांबण्याची सोय भरवशाची नसते, आणि सेल एकमेकांशी समतोल ठेवणारं सर्किट कधी असतं, कधी नसतं.

ऐरोलीकर
आत्ता जाऊन चार्जर बघितला. २१ च आहे. मशीनवर १२८. तीन वर्षांचा मेहुणा... म्हणजे मेहुण्याचा तीन वर्षांचा मुलगा यापेक्षा खरं बोलतो.

खाडीकाठ_सीवूड्स
गंजाबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे खाडीचा वारा, गाडी उघड्यावर. दोन पावसाळे गेले की रिम हबला अशी चिकटते की नट काढूनही चाक हलत नाही, लाथा माराव्या लागतात. त्यामुळे मी चाक बसवताना स्टडला ग्रीस लावतो. पुढच्या वेळी हाताने सुटतात. मशीनची गरजच नाही.

फोरमन_वागळे
सीवूड्सकर, ग्रीस स्टडवर नको. कळकळीने सांगतो. वर लिहिलं तसं नव्वद टक्के जोर घर्षणात जातो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेला असतो. तुम्ही ग्रीस लावून तेच १०० मारलेत तर घर्षण कमी झालं आणि उरलेला सगळा जोर स्टड ताणण्यात गेला. टॉर्क रेंच बरोबर क्लिक करेल, पण स्टडवरचा ताण हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त असेल. नटाचा निमुळता बूड जिथे रिमवर बसतो तिथे तर तेलाचा थेंबही नको.

तुमचा त्रास खरा आहे, त्यावर इलाज वेगळा. तारेच्या ब्रशने हबचा मधला उंचवटा आणि रिम टेकते ती सपाट जागा घासून काढा. मधल्या उंचवट्याच्या कडेला तांब्याच्या ग्रीसचा बोटाने अगदी पातळ हात फिरवा. डिस्कवर आणि स्टडवर जाऊ देऊ नका. चाक चिकटणार नाही. स्टडचे आटे नुसते ब्रशने साफ करून कोरडे ठेवा.

खाडीकाठ_सीवूड्स
काका, माझे इतकी वर्षं ग्रीस लावलेले स्टड शाबूत आहेत. पण डिस्कवर उडायची भीती मलाही वाटते, हबच्या कडेची युक्ती करून बघतो. गंजलेल्या नटाला मात्र मी आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवतोच.

फोरमन_वागळे
सोडवायला जरूर मारा. बसवायच्या आधी पुसून टाका म्हणजे झालं.

बारा_तेरा
खारघर. अ‍ॅक्टिव्हाचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

व्हेरिएटरचा नट हे इम्पॅक्ट रेंचचं सगळ्यात सुखाचं काम. डाव्या बाजूचं कव्हर काढलं की पंख्यासारख्या पात्यांची डिस्क दिसते, मधोमध नट. साध्या पान्याने फिरवायला गेलात की नटाबरोबर अख्खा क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) फिरतो. मग ती डिस्क धरायला होल्डर लागतो. नसला की लोक पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवतात आणि पातं तुटतं. मशीन लावलं की क्रँक हलायच्या आत ठोक्यांनी नट सुटतो. मागच्या क्लचच्या नटालाही तेच. एवढ्या कामाला स्वस्तातलं मशीन पुरून उरतं.

बसवताना मात्र होल्डर घ्या आणि टॉर्क रेंचने बसवा. मशीनने आवळलेला तो नट पुढच्या वेळी क्रँकच्या टोकाचे आटे घेऊन येतो.

आणि या जागी मशीन अजिबात नेऊ नका : स्पार्क प्लग, ऑइलचा ड्रेन बोल्ट, कव्हरचे छोटे बोल्ट. सहा मिलिमीटरच्या बोल्टला दहा-बारा न्यूटन-मीटर म्हणजे खूप झाले, आणि समोर अ‍ॅल्युमिनियम. पहिल्या ठोक्यात आटे गेले समजा. मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी) बसवत बसा. कव्हरचे जाम झालेले फुली स्क्रू असतील तर हातोडीने ठोकायचा जो इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर मिळतो तो घ्या. जाडजूड, पोलादी, मागून हातोडी मारली की टोक थोडं फिरतं. किंमत किरकोळ आणि माझ्या पेटीतलं सगळ्यात जास्त दुवा मिळवलेलं हत्यार तेच.

सोसायटी_सचिव
मानपाड्याजवळच्या एका सोसायटीचं काम बघतो. गाडी दुरुस्तीला माझा विरोध नाही, उलट कौतुक वाटतं. पण तीन गोष्टींवर तक्रारी येतात, त्या आधीच सांभाळल्या तर कुणी अडवणार नाही.

आवाज. हे मशीन ठोके मारताना शंभर डेसिबलच्या आसपास जातं, आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये वरच्या स्लॅबमुळे ते घुमतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री ऑफिसातून आल्यावर चाकं उघडायला घेऊ नका. आमच्याकडे रविवारी अकरा ते एक ही वेळ ठरवून टाकली, तेव्हापासून भांडण नाही. स्वतःच्या कानालाही बोंडं लावा.

दुसरं तेल. खाली पुठ्ठा अंथरा. आणि जुनं ऑइल गटारात नको, ते सर्व्हिस सेंटरवाले घेतात.

तिसरं म्हणजे पोडियमवर (खालच्या मजल्याच्या छतावरच्या पार्किंगमध्ये) गाडी उचलताना जॅकस्टँडखाली (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी घोडीखाली) प्लायवुडचा जाड तुकडा ठेवा. पाय थेट फरशीत रुततात आणि खालचं वॉटरप्रूफिंग फाटतं. पावसाळ्यात खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली की शोधायला आम्हालाच लागतं.

फोरमन_वागळे
सचिवांनी जॅकस्टँडचा विषय काढला ते उत्तम. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक फक्त चाक बदलण्यापुरता. त्यावर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक काढलं की स्टँड लावायचं, काढलेलं चाक सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) आडवं सरकवून ठेवायचं. मागचं चाक उचलताना लक्षात ठेवा, हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. एक मागचं चाक हवेत गेलं की तो एकाच चाकावर उरतो. गाडी गिअरमध्ये टाका आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. ऐरोलीकर, मशीनने हवेतलं चाकही उघडतं हे मला माहीत आहे, पण कात्री जॅकवर गाडी असताना ते धक्के नकोत. जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करून घ्यायचे.

ऐरोलीकर
काका, मी हायड्रॉलिक जॅक आणि स्टँड वापरतो, तरी यापुढे जमिनीवरच सैल करेन.

गोटीबद्दल (नटावर बसतं ते सॉकेट) सांगायचं राहिलं. मशीनवर घरातली चकचकीत गोटी लावू नका. ती हाताच्या पान्यासाठी क्रोम-व्हॅनेडियमची, कडक आणि ठिसूळ. ठोक्यांनी तडकते आणि कपचे उडतात. मशीनसाठी काळी, जाड भिंतीची, क्रोम-मॉलिब्डेनमची इम्पॅक्ट गोटी मिळते. सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. मारुतीला १९ मिलिमीटरची, ह्युंदाईला २१ ची. डोळ्यांना चष्मा लावाच. आणि मध्ये लांब एक्स्टेन्शन जोडू नका, ठोक्याचा बराच जोर त्यातच जिरतो. त्यापेक्षा लांब गोटी सरळ लावा.

तर्री_जास्त
काळ्या गोट्या कुठे मिळतात म्हणून विचाराल तर मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. वस्तू हातात घेऊन, आटे बघून, दोन दुकानं फिरून घेण्यात जे समाधान आहे ते फोनवर नाही. सकाळी लवकर जा, शनिवारी दुपारनंतर त्या गल्लीत उभं राहायला जागा नसते. येताना ठाण्याला उतरून मिसळ. हा भाग अवांतर नाही, तो कार्यक्रमाचाच भाग आहे.

बारा_तेरा
नागदेवीला +१. मोजपट्टी आणि नटाचा नमुना खिशात घेऊन जा.

निळू_तुर्भे
बराच वेळ नुसतं वाचत होतो. तुर्भ्याला आमचं टायरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. सगळे टायरवाल्यांवर बोलताय म्हणून आमची बाजू मांडतो.

आमच्याकडे दिवसभर ट्रक येतात, एपीएमसीचा माल. मोठ्या ट्रकच्या नटाला सहाशेच्या आसपास न्यूटन-मीटर लागतात, आणि तो सैल राहिला तर काय होतं ते आम्ही रस्त्यावर बघितलंय. मधेच एखादी कार येते, तीच गन, तोच पोरगा. गनला जोर कमी-जास्त करायचा खटका असतो, पण पोरगा घाईत असतो. आणि खरं सांगू, कारवालेच म्हणतात, 'दादा, घट्ट मारा हां.' सैल वाटला तर शिव्या आम्हाला. जास्त घट्ट झाला तर वर्षभर कुणाला कळतही नाही.

वडिलांनी आम्हाला लावलेली शिस्त अशी की नट पहिले तीन-चार आटे हाताने धरवायचा. आटा तिरका बसला असेल तर हाताला लगेच कळतं, गनला कळत नाही, ती तो तसाच आत रेटते. मग गन नुसती टेकवायची. शेवटची आवळणी गाडी जमिनीवर घेऊन, समोरासमोरचे नट घेत, चार टोकांच्या पान्याने हाताने. कारला आम्ही अजून तसंच करतो. तुम्ही कुठेही गेलात तरी सांगा, 'शेवटचं हाताने मारा.' कुणी नाही म्हणत नाही. आणि तुमचा टॉर्क रेंच घेऊन आलात तर आणखी चांगलं, मी स्वतः तुमच्या हातात देऊन मारून घेईन.

पामबीच
निळूभाऊ, हे वाचून बरं वाटलं. मी इतकी वर्षं 'घट्ट मारा' म्हणणाऱ्यातलाच. पुढच्या वेळी हाताने मारायला सांगेन. मशीन घेणार नाही, पण ती लांब दांडी डिकीत हवी हे पटलं. गाडी मुलगी चालवते, तिलाही एकदा खाली नेऊन चाक काढून बघायला लावतो.

विद्युतप्रभा
@पामबीच, जरूर करा. आणि दांडीबरोबर १९ ची किंवा २१ ची, तुमच्या नटाची, गोटी पण ठेवा. नुसती दांडी ठेवणारे पुष्कळ बघितलेत.

दिघा_डोंगर
गाडीच्या बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा वायरवाला इम्पॅक्ट मिळतो, तो डिकीत ठेवला तर? त्याला लिथियम नाही, उन्हाची भीती नाही.

विद्युतप्रभा
कल्पना चांगली आहे, फक्त त्याची पद्धत वेगळी. आत जड चक्र आधी वेग घेतं आणि मग एकच जोरात ठोका देतं, पुन्हा वेग, पुन्हा ठोका. हळू चालतं पण चालतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावू नका, तिथला फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा, तो उडतो. चिमटे थेट बॅटरीला लावा आणि इंजिन चालू ठेवा. हायवेच्या कडेला बॉनेट उघडून एवढं करण्यापेक्षा दांडी लवकर होते, असं माझं मत.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. खरेदी आणि एक प्रयोग, दोन्ही झाले.

काकांच्या क्रमाने गेले. नागदेवीहून टॉर्क रेंच, चोवीस इंची दांडी, १९ ची लांब काळी गोटी आणि स्टँडची जोडी. मशीन अजून घेतलं नाही. ऐरोलीकरांनी निरोप पाठवून त्यांचं मशीन बघायला बोलावलं, तिथे वॅगन-आर घेऊन गेले. सगळे नट त्याने बसल्या जागी सुटले, टायरवाल्याने गनने मारलेला एक सोडून. त्यावर ते बराच वेळ ठोके मारत राहिलं. शेवटी काकांच्या भाषेतली दांडी लावली, एकदा वजन टाकलं, 'टण्ण' असा आवाज आला आणि सुटला.

मग आम्ही उलटं करून बघितलं. पूर्ण चार्ज बॅटरीवर नट मशीनने तीन सेकंद आवळला आणि टॉर्क रेंच १०० वर लावून तपासला. नट न हलताच क्लिक. १२० ला क्लिक. १४० ला क्लिक. १६० ला नट किंचित सरकला. लगेच सैल केला. दुसरा नट बॅटरी उतरत आल्यावर तसाच तीन सेकंद आवळला, तर तो १०० च्या आतच सरकला. म्हणजे तेच मशीन, तोच हात, तेवढेच सेकंद, आणि एक नट दीडपट घट्ट तर एक सैल. हे डोळ्यांनी बघितल्यावर मशीनने आवळायचा विषय माझ्यापुरता संपला. नट हाताने धरवायचे, गाडी खाली घ्यायची, समोरासमोर, दोन टप्प्यांत, आधी ५० आणि मग १००.

त्याच दुपारी स्टेपनी बदलायचा सराव केला. आता बरोबर आवळलेले नट डिकीतल्या जुन्या एल-पान्याने, नुसता पायाने दाब देऊन सुटतात.

अ‍ॅक्टिव्हासाठी मशीन लागेल असं वाटतंय. ऐरोलीकर म्हणतात लागेल तेव्हा न्या.

फोरमन_वागळे
शाब्बास. प्रयोग नीट केलात. एक बारकावा, बसलेला नट पुन्हा हलवताना सुरुवातीला घर्षण जास्त लागतं, त्यामुळे १६० हा आकडा खऱ्या आवळणीपेक्षा थोडा जास्त दिसतो. तरी निष्कर्ष बदलत नाही. चाक काढून बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून एकदा पुन्हा तपासा. काम झालं की टॉर्क रेंचची मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. आणि त्याने कधी नट सोडवू नका, ते दांडीचं काम.

ऐरोलीकर
दिलेलं मशीन परत देताना बॅटरी निम्मी चार्ज करून द्या, एवढंच भाडं. प्रभाताईंनी सांगितलंय.

दिघा_डोंगर
अलॉय व्हील असेल तर? माझ्याकडे नटाची जागा खोल आहे, जाड काळी गोटी आत जाताना रंग खरवडते.

निळू_तुर्भे
पातळ भिंतीची इम्पॅक्ट गोटी मिळते, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली. १७, १९, २१ अशा तीनचा सेट येतो, आवरणाचे रंग वेगवेगळे. अलॉयला तीच वापरा. आवरण फाटलं की बदला, नाहीतर उघडी कड रिमला लागतेच.